नाव देणारी

“‘प्रेम करणारी’ आणि ‘प्रेम केलेली’, या दोघींत फरक काय?” फादर तुस्कानोंनी विचारलं.

मी आणि रघुवीर केरकर एकाच बाकावर बसलो होतो. आमच्या मधोमध फादरांचं लॅटिन व्याकरणाचं एकुलतं एक पुस्तक उघडं पडलं होतं. केरकर खिडकीबाहेर बघायला लागले. मी पुस्तकात बघायला लागले.

“फादर,” मी म्हणाले, “आम्हाला एका वेलाचं वर्णन लिहायचंय. त्यात प्रेम कुठनं आलं?”

“बाय, लॅटिन शिकायचं तर ‘आमो’पासूनच. आमो म्हणजे मी प्रेम करतो. माझ्या गुरुजींनी मला इथूनच शिकवलं, त्यांच्या गुरुजींनी त्यांना. तुमच्यासाठी काय आता ‘उगवणे’ आणि ‘वाळणे’पासून सुरू करू?”

केरकर हसले. त्यांचं हसणं बाकातून मला जाणवलं, कारण बाक जुना होता आणि एकजण हलला की दुसराही हलायचा.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या सप्टेंबरातली, सावंतवाडीची. मी कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. केरकर मूळचे वेंगुर्ल्याचे, आमच्याच विभागात, माझ्या पुढे एक वर्ष. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर, आम्ही गवतांचे नमुने गोळा करत होतो. केरकर पुढे गेले होते. माझ्या चपलेचा पट्टा सुटला म्हणून मी खाली बसले, आणि गवतात, अगदी नाकासमोर, एक कंदीलफूल दिसलं. कंदीलफुलं आम्हाला नवी नव्हती. खाली फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोकं एकत्र येऊन झालेला पिंजरा. पण या फुलाचा पिंजरा एका बाजूला कलला होता आणि आतून जांभळा होता. असं फूल मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नव्हतं.

“केरकर, मागे या,” मी ओरडले होते. “तुम्ही याच्यावरनं चालत गेलात.”

कोल्हापुरात सगळी पुस्तकं धुंडाळून झाली, मोठ्या संग्रहांशी पत्रव्यवहार झाला. वनस्पती खरोखरच नवी होती. आमचे मार्गदर्शक सर खूश झाले आणि म्हणाले, “आता लॅटिनचं बघा.” त्या काळी नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये छापल्याशिवाय तिचं नाव ग्राह्य धरत नसत. बरेच जण जुन्या वर्णनांतले तुकडे उचलून जोडकाम करत. सरांना ते खपायचं नाही. “सावंतवाडीला फादर तुस्कानो आहेत, म्हातारे आहेत, पण लॅटिन पक्कं आहे. शिकून या आणि स्वतः लिहा,” असं त्यांनी सांगितलं.

सावंतवाडीला माझी मावशी राहायची, त्यामुळे माझ्या घरून परवानगी मिळाली. केरकर रोज सकाळच्या एस.टी.नं वेंगुर्ल्याहून यायचे. महिन्याअखेरीला ते डेहराडूनला नोकरीवर रुजू होणार होते. त्याआधी फुलावरचा शोधनिबंध लिहून व्हायला हवा होता. त्याआधी आणखीही काही व्हायला हवं, असं मला वाटत होतं. पण ते माझ्या हातात नव्हतं.

फादर वसईकडचे. उंच, वाकलेले, पांढऱ्या झग्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा. चर्चच्या मागच्या त्यांच्या खोलीत जेवणाचं टेबल, आम्हाला दिलेला बाक आणि भिंतीला टेकवलेला एक फळा होता. तो फळा मुलांच्या धर्मशिक्षणाचा. त्याच्यावरचं पुसून ते लिहायला लागले.

“हे बघा. क्रियापद आमारे. त्याचं मूळ आमा. त्याला ‘न्स’ लावला की झालं ‘आमान्स’. प्रेम करत असलेला. पण हा त्याचा बाहेरचा चेहरा. षष्ठी करा, म्हणजे ‘त्याचा’ म्हणा, की आतला ‘न्त’ बाहेर येतो. आमान्तिस. मग सगळ्या विभक्तींत तोच. आमान्ती, आमान्तेम...”

“फादर, हे तर आमचं शतृ,” मी म्हणाले. मॅट्रिकला संस्कृत घेतलेलं अचानक वर आलं. “पठन्, पठन्तौ, पठन्तः. तिथंही ‘न्त’ असाच लपतो.”

फादर खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. त्यांनीही म्हणून पाहिलं. “इतकी वर्षं शिकवलं, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी स्वतः उठून केला. काळा चहा, गूळ घातलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या दिवसाचा प्रश्न पुन्हा काढला.

“प्रेम करत असलेला आमान्स. प्रेम करत असलेली?”

“आमान्सा?” केरकरांनी अंदाज केला.

“नाही. तीसुद्धा आमान्सच. मुलगा, मुलगी, झाड, दगड, सगळ्यांना एकच. करणारा पुरुष आहे की बाई, हे लॅटिन इथं विचारत नाही. पण ज्याच्यावर प्रेम केलं जातं, त्याचं लिंग मात्र विचारते.” त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, “आमातुस, आमाता, आमातुम. प्रेम केला गेलेला, केली गेलेली, केलं गेलेलं. क्रियापदाची चार रूपं पाठ करा, चौथं घ्या, त्याचा ‘उम’ काढा, हे प्रत्यय लावा. पुढे सगळ्या विभक्ती ‘चांगला, चांगली, चांगलं’सारख्या चालतात.”

“आणि पुढे प्रेम करणार असलेला?” केरकरांनी विचारलं.

“आमातूरुस. तेही त्या चौथ्या रूपावरूनच. झालेलं आणि अजून व्हायचं असलेलं, दोन्ही एकाच खोडाला फुटतात.”

केरकरांनी वहीत लिहून घेतलं. त्यांचं अक्षर बारीक आणि उभं होतं. लिहिताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर पसरलेली असायची. त्या बोटांवर नमुने दाबायच्या फळ्यांच्या पट्ट्यांचे वळ होते. तसलेच वळ माझ्याही बोटांवर होते. मला ते सारखे दिसायचे.

“फादर,” मी म्हणाले, “करत असलेली झाली. केली गेलेली झाली. पण जिनं प्रेम केलं, करून झालं, तिला काय म्हणायचं?”

“तिला रूप नाही.”

“नाही म्हणजे?”

“मराठीत तुम्ही ‘शिकलेली मुलगी’ म्हणता. शिकली ती स्वतःच. लॅटिनला ते जमत नाही. तिथं ‘लेली’ म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी तिला काहीतरी केलेलं असतं. थोडी क्रियापदं मात्र वेगळी आहेत. दिसायला कर्मणी, पण काम कर्तरीचं. नातुस म्हणजे जन्मलेला. मॉर्तुउस म्हणजे मेलेला. प्रोफेक्तुस म्हणजे निघून गेलेला. जन्मलेली चालते, मेलेली चालते, निघून गेलेली चालते. जिनं प्रेम केलं तिच्यासाठी मात्र लांबलचक वाक्य लिहावं लागतं.”

“लिहू मग वाक्य,” केरकर सहज म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण बाक हलला.

असे ते दिवस गेले. सकाळी फादरांकडे धडा, दुपारी त्यांच्याच टेबलावर वर्णन. आमचं रोज कशावरून तरी वाजायचं. खोड ‘चढणारं’ म्हणताना शेवटी ‘ए’ लावायचा की ‘ई’, यावर एक अख्खी दुपार गेली. फादरांनी निकाल दिला, “क्रिया चालू आहे असं दाखवायचं असेल तर ‘ए’. नुसता गुण सांगायचा असेल तर ‘ई’. तुमचा वेल आत्ता चढतोय की मुळातच चढा आहे?”

“आत्ता चढतोय,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळलेली होती, त्यासाठी फादरांनी ‘कोन्नातुस’ हा शब्द दिला. त्याचा मूळ अर्थ सोबत जन्मलेला. केरकर तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले.

संध्याकाळी मी मावशीकडे जायला निघायचे आणि केरकर स्टँडवर. मोती तलावापर्यंत रस्ता एकच होता. आम्ही चालता चालता विभक्ती म्हणायचो. आमान्स, आमान्तिस, आमान्ती. एकदा समोरून मावशीच्या शेजारीण आल्या आणि आम्ही काय म्हणतोय ते ऐकत थबकल्या. केरकर त्यांना नमस्कार करून म्हणाले, “परीक्षा आसा, काकी.” त्या गेल्यावर आम्ही इतके हसलो की मला तलावाच्या कठड्यावर बसावं लागलं. माझ्याकडे तेव्हाचं दुसरं काही नाही. फोटो नाही, चिठ्ठी नाही. तो कठडा आणि ते हसणं आहे.

एके दिवशी केरकर यायच्या आधी मी पोहोचले, तर फादर खोलीत एकटेच मोठ्यानं लॅटिन म्हणत होते. मला बघून थांबले.

“प्रार्थना चालली होती का?”

“जुनी. आता मिस्सा, रविवारची उपासना, मराठीत असते ना. चांगलं झालं. माणसांना कळतं, म्हाताऱ्या बायकासुद्धा आता मान डोलावतात.” त्यांनी चष्मा पुसला. “पण लहानपणापासून ज्या भाषेत मी देवाशी बोललो, तिच्यात आता कुणीच उत्तर देत नाही. तुम्ही दोघं आल्यापासून दोन्ही बाजूंनी आवाज येतो.”

मी फळा पुसून दिला.

शेवटच्या दिवशी वर्णन पुरं झालं. फादरांनी ते उभं राहून वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. “मी एक अक्षर बदलणार नाही. आता नाव. नावाशिवाय कशी सोडायची पोरीला?”

नावाबद्दल आम्ही आधी बोललो नव्हतो. मी मनात काहीबाही जुळवलं होतं. पण केरकर उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

“मी ठरवलंय,” ते म्हणाले. “फादर, मंदाकिनीची षष्ठी कशी होईल?”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मंदाकिनिए. मंदाकिनीची.”

“मग तेच. मंदाकिनिए.” आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच ‘इंगवले’ अशी आडनावानं हाक न मारता, ते म्हणाले, “मंदा, ते फूल तुझं आहे. जगात कुठंही कुणी त्याचं नाव काढलं की तुझं नाव निघेल.”

या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आधी अंगावर काटा आला. मग मला आठवलं, की वनस्पतीला नाव देणाऱ्यानं स्वतःचंच नाव द्यायचं नसतं, असा आमच्यात संकेत आहे, आणि निबंधाचे लेखक म्हणजेच नाव देणारे.

“माझं नाव फुलाला दिलं,” मी विचारलं, “तर निबंधावर लेखक कोण?”

“संकेत पाळायचा तर... माझंच नाव राहील.” ते अडखळले. “पण त्यानं काय होतंय? लेखकांची नावं कोण लक्षात ठेवतं? फुलाचं नाव राहतं.”

“फूल मला सापडलं. वर्णनाचा अर्धा भाग मी लिहिलाय.”

“म्हणूनच तर तुझं नाव.”

“केरकर, मला नाव द्यायचंय,” मी म्हणाले. “मला नाव घ्यायचं नाही.”

केरकरांचा चेहरा दिवा विझावा तसा झाला. मला वाटलं, निबंधाच्या श्रेयाचा वाद त्यांना इतका लागला. म्हणजे मी तसं वाटून घेतलं. मी तेवीस वर्षांची होते, आणि बोललेलं मागे घ्यायची मला भीती वाटत होती, कारण ते बरोबर होतं.

फादर म्हणाले, “बाबा, बस खाली. बाय, तू सांग. तुझ्या मनात कुठलं नाव आहे?”

“लपून राहणारी,” मी म्हणाले. “ती गवतात लपून राहते.”

“लातेन्स.” फादरांनी फळ्यावर लिहिलं. “करणारीचं रूप. ठीक आहे?”

केरकरांनी मान हलवली. त्यांनी निबंधाच्या शीर्षकाखाली बारीक उभ्या अक्षरांत आधी माझं आडनाव लिहिलं, मग स्वतःचं. हात अगदी स्थिर होता. वही मिटली आणि ते फादरांच्या पाया पडले.

त्या दिवशी आम्ही विभक्ती म्हटल्या नाहीत. मी स्टँडपर्यंत गेले. मावशीनं त्यांच्यासाठी मालवणी खाज्याची पुडी दिली होती, ती मी खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

“डेहराडूनला थंडी फार असेल,” मी म्हणाले.

“हो. स्वेटर घ्यावा लागेल.”

“पत्ता कळवाल ना?”

“निबंध छापून आला की प्रत पाठवतो,” ते म्हणाले. “तुम्ही तब्येत सांभाळा.”

‘तुम्ही’वर परत आले होते. वाहकानं घंटी दिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते. पुढची गाडी लागली, माणसं उतरली, एकानं मला विचारलं, “ताई, बेळगावची गेली का?” मी म्हणाले, “गेली.”

निबंध छापून आला. प्रत आली, सोबत पत्र नव्हतं. मी दर सुटीत मावशीकडे जायचे आणि फादरांबरोबर दुपारभर लॅटिन वाचत बसायचे. ते एक ओळ वाचायचे, मी एक. त्यांनी केरकरांचा विषय कधी काढला नाही. वसईला परत बोलावणं आलं तेव्हा त्यांनी ते व्याकरणाचं पुस्तक मला देऊ केलं. मी घेतलं नाही. म्हटलं, “तुम्ही तिकडे कशातनं वाचणार?” ते म्हणाले, “मला पाठ आहे गं.” तरीही मी घेतलं नाही.

पुढे माझं लग्न गडहिंग्लजच्या डॉक्टर सरनोबतांशी झालं. ते शांत, समजूतदार गृहस्थ आहेत. त्यांनी मला नोकरी सोडायला कधी सांगितलं नाही, की छापील आडनाव बदलायला सांगितलं नाही. मुलगा झाला, मुलगी झाली. केरकरांचंही लग्न झाल्याचं कळलं. तक्रार करावी असं माझ्या आयुष्यात काही घडलं नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून डॉक्टर केरकर आले, तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. केस पांढरे झाले होते, पाठ ताठ होती. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “फादर?” मी म्हटलं, “गेले. बरीच वर्षं झाली.” ते टेबलाकडे बघत राहिले.

परीक्षेला अवकाश होता. मुलगी बाहेर व्हरांड्यात घाम पुसत बसली होती. आम्ही माझ्या खोलीत चहा घेतला. मुलांबद्दल बोललो, आंबोलीच्या सड्यावर आता होणाऱ्या गर्दीबद्दल बोललो. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“एक विचारू का? राग मानू नका.”

“विचारा.”

“त्या दिवशी तुम्ही मला नाही म्हणालात. मी पुढे काही विचारलं नाही, कारण तुम्ही इतकं स्वच्छ म्हणालात. पण कारण मला कधी कळलं नाही.”

“मी नाही कधी म्हणाले? तुम्ही मला काही विचारलंच नव्हतंत.”

“विचारलं नव्हतं?” ते खरोखर चकित झाले. “फादरांसमोर उभं राहून विचारलं. आदल्या रात्री आईला सांगून आलो होतो. ती म्हणाली होती, बघ, हो म्हणाली तर दसऱ्याला त्यांच्या घरी जाऊ. आणि तुम्ही म्हणालात, मला नाव घ्यायचं नाही. आमच्यात मुलगी असं म्हणाली, तर काय समजायचं?”

बायका लग्नात नवऱ्याचं नाव घेतात, मीसुद्धा पुढे घेतलं. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या कानात होतं, पण ते मी त्यांच्या बाजूनं एकदाही ऐकलं नव्हतं.

“मी निबंधाबद्दल बोलत होते,” मी म्हणाले.

“फक्त निबंधाबद्दल?”

“फक्त निबंधाबद्दल.”

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. बाहेर शिपायानं कुणाला तरी हाक मारली. पंखा फिरत होता.

“आणि मी सरळ विचारलं असतं तर?”

मी खोटं बोलू शकले असते. ते जास्त सोयीचं झालं असतं, दोघांनाही. पण समोर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर पसरलेली होती.

“हो म्हणाले असते,” मी म्हणाले. “तिथंच, फादरांसमोर. आणि निबंधावर माझं नावही ठेवलं असतं.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मला ते सुचलंच नाही,” रघुवीर म्हणाले.

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला, प्रबंधाची प्रत त्यांच्यासमोर सरकवली आणि व्हरांड्यातल्या मुलीला आत बोलावलं.